कावाल्लेरिया रुस्तिकाना: पडद्यामागून ऐकू येणारा ऑपेरा

पडदा अजून खालीच असतो. वाद्यवृंद वाजू लागून काही मिनिटं झालेली असतात आणि मध्येच सगळं थांबतं. मग पडद्यामागून एक हार्प आणि एका टेनरचा (उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा) आवाज येतो. गाण्याची भाषा पुस्तकी इटालियन नाही, सिसिलीची बोली आहे. तुरिद्दू लोलाला आळवतोय: तुझ्या दारात रक्त सांडलंय, तिथे मारला गेलो तरी मला फिकीर नाही, मेल्यावर स्वर्गात गेलो आणि तू तिथे नसलीस तर मी आत पाऊलच टाकणार नाही. लोला ही दुसऱ्याची बायको आहे. म्हणजे पडदा उघडायच्या आधीच शेवट सांगून झालेला असतो.

या गाण्याला ‘सिचिलियाना’ म्हणतात. पिएत्रो मास्कान्यीच्या या एकअंकी ऑपेरात बोलीभाषा एवढ्या एकाच गाण्यात आहे, पुढची सगळी संहिता रीतसर इटालियनमध्ये. ‘वेरिझ्मो’ म्हणजे वास्तववाद, आणि वास्तववाद म्हणजे गाढवं, गाड्या, खेडवळ कपडे असं समजून अनेक दिग्दर्शक रंगमंच भरून टाकतात. पण या ऑपेरातल्या महत्त्वाच्या गोष्टी बहुतेक डोळ्यांआड घडतात. सिचिलियाना पडद्यामागे, ईस्टरची प्रार्थना चर्चच्या आत, लोलाचं पहिलं गाणं विंगेतून आणि द्वंद्व गावाबाहेर. आपण चौकात उभे राहतो आणि ऐकतो.

आधी मूळ कथा. जोवान्नी वेर्गाने ती 1880 मध्ये ‘वीता देई काम्पी’ या संग्रहात छापली. जेमतेम काही पानांची, कोरडी, जवळपास निर्दय. इटलीचं एकीकरण 1861 मध्ये झालं आणि सक्तीची लष्करभरती सिसिलीत आली. जुन्या बूर्बों राजवटीत ती तिथे नव्हती. शेतात राबणारा मुलगा काही वर्षं सैन्यात गेला की घर खचायचं. कथेतला तुरिद्दू बेर्सालिएरे पलटणीतून लाल टोपी मिरवत परततो, पण तो नसताना आईला तांबडी खेचरी आणि रस्त्याकडेचा द्राक्षमळ्याचा तुकडा विकावा लागलेला असतो. इकडे लोलाचं लग्न ठरलंय आल्फियो गाडीवानाशी, ज्याच्या तबेल्यात सोर्तिनोची चार खेचरं आहेत. वेर्गाने प्रेमकथेचा हिशेब खेचरांत मांडलाय: एकाकडे एकही उरलं नाही, दुसऱ्याकडे चार.

कथेतली सान्ता (ऑपेरातली सान्तुत्सा) बापडी वगैरे अजिबात नाही. ती गडगंज मळेवाल्या कोलाची मुलगी. तुरिद्दू लोलाला जळवण्यासाठी तिच्यामागे लागतो आणि ती पुढे मत्सरापोटी आल्फियोचे कान भरते. वेर्गाने स्वतःच याचं नाटक केलं, तेव्हा चित्र पालटलं. 14 जानेवारी 1884 रोजी तुरीनमध्ये अभिनेत्री एलेओनोरा दूझेने रंगवलेली सान्तुत्सा फसवली गेलेली आहे, आणि नाटकाचं केंद्र तीच आहे. मास्कान्यीकडे आलं ते हे रूप. पैशाचा हिशेब मागे पडला आणि अपराधाची भावना पुढे आली. तोटा झालाच. पण रंगभूमीवर खेचरांच्या संख्येपेक्षा चर्चच्या दारातून माघारी वळणारी बाई जास्त परिणाम करते, हेही मान्य करावं लागतं.

मास्कान्यी लिव्होर्नोचा, बेकरीवाल्याचा मुलगा, जन्म 1863 चा. मिलानच्या कॉन्झर्वेटरीत (संगीत विद्यालयात) संगीतकार पोंकिएल्लीकडे शिकत होता, काही काळ पुढे गाजलेला संगीतकार पुच्चिनी याच्यासोबत एका खोलीत राहिला, पण शिक्षण अर्धवट टाकून ऑपेरेटा (हलकेफुलके ऑपेरा) करणाऱ्या फिरत्या मंडळींबरोबर निघून गेला. शेवटी दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांतातल्या चेरिन्योला गावात संगीत शिकवून पोट भरू लागला. 1888 मध्ये प्रकाशक एदोआर्दो सोन्झोन्योने स्पर्धा जाहीर केली: एक अंक, इटालियन संगीतकार, आणि ज्याचा एकही ऑपेरा अजून रंगमंचावर आलेला नाही असाच. (याच सोन्झोन्योच्या आधीच्या स्पर्धेत पुच्चिनीचा ‘ले विल्ली’ बाद झाला होता, परीक्षकांवर किती विसंबायचं ते ठरवा.) तार्जोनी-तोत्सेत्ती आणि मेनाशी या दोघांनी संहिता तुकड्यातुकड्याने टपालाने पाठवली, काही ओळी तर पोस्टकार्डांवर. 73 प्रवेशिकांतून हा ऑपेरा जिंकला आणि 17 मे 1890 रोजी रोमच्या तेआत्रो कोस्तांझीत पहिला प्रयोग झाला. कंडक्टर लेओपोल्दो मुन्योने, सान्तुत्सा जेम्मा बेल्लिन्चोनी, तुरिद्दू रोबेर्तो स्तान्यो. त्याच वर्षी डिसेंबरात बुडापेस्टला तो संगीतकार-कंडक्टर माहलरने उभा केला.

वेर्गाची रीतसर परवानगी मागणारं पत्र मात्र गेलं 1890 च्या मार्चमध्ये, म्हणजे ऑपेरा लिहून झाल्यावर. पैशांचा पाऊस पडू लागल्यावर प्रकरण कोर्टात गेलं आणि 1893 मध्ये 1,43,000 लीरांवर तडजोड झाली. खेचरं मोजणाऱ्या लेखकाने आपला हिशेब शेवटी चोख वसूल केला.

आता पडद्यामागचं प्रत्यक्ष काम. सिचिलियाना एफ मायनरमध्ये आहे आणि टेनरला ए-फ्लॅटपर्यंत चढावं लागतं, तेही संध्याकाळचा पहिलाच स्वर म्हणून. आवाज तापवून येणं ही त्याची त्याची जबाबदारी. हार्प त्याच्या शेजारी, पडद्याच्या आतच ठेवायची. पिटातल्या (रंगमंचासमोरच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यातल्या) हार्पवर काम भागवलं की गायकाला ती धड ऐकू येत नाही, त्याचा स्वर हळूहळू उतरतो आणि वाद्यवृंद पुन्हा शिरताना ती फट उघडी पडते. जाड पडदा वरच्या कंपनांना गिळतो, म्हणून गायक जोर लावतो. तिथेच गाण्याची मजा जाते, कारण पहाटेच्या अंधारात चोरून गाणारा माणूस ओरडत नाही. त्यानंतर जवळपास अर्धा तास तो प्रेक्षकांना दिसत नाही आणि येतो तो थेट सान्तुत्साबरोबरच्या भांडणात. मधला वेळ नुसता बसून काढला तर आवाज पुन्हा थंड पडतो.

ईस्टरच्या प्रार्थनेत अडचण वेगळी. चर्चच्या आतून कोरस आणि ऑर्गन, बाहेर चौकात दुसरा कोरस, त्यावर सान्तुत्सा. आतल्या लोकांनी कानाने ताल धरला तर ते हमखास मागे राहतात, कारण आवाजाला अंतर कापायला वेळ लागतो. त्यांनी मॉनिटरवर कंडक्टरचा हात पाहून, किंचित घाईने वाटेल इतकं आधी गायचं. सभागृहात ते बरोबर पोचतं. सान्तुत्साला या प्रार्थनेत वरचा बी हा स्वर गाठायचा असतो, आणि तरी भूमिकेचं बरंचसं वजन मधल्या पट्टीत आहे. म्हणून सोप्रानो (सर्वांत उंच स्त्री-आवाज) आणि मेझो (त्याखालचा) दोघीही ती गातात. मेझोंकडे तिचा तुरिद्दूला दिलेला शाप जास्त चांगला उतरतो: ‘आ ते ला माला पास्क्वा’, तुझा ईस्टर वाईट जावो. तो सुरात गायचा नाही, फेकायचा असतो.

ती चर्चमध्ये जात नाही, कारण आपण बहिष्कृत आहोत असं ती तुरिद्दूच्या आईला, मामा लुचियाला, सांगते. त्यामुळे गावाचं सगळं भजन तिला भिंतीबाहेरूनच ऐकावं लागतं, आपल्यासारखंच.

मग येतो तो सुप्रसिद्ध इंटरमेझो, म्हणजे मध्येच फक्त वाद्यवृंदाने वाजवायचा तुकडा. जाहिरातींनी आणि लग्नाच्या मिरवणुकांनी त्याचं गोड सरबत करून टाकलंय. त्याची जागा पाहा: सान्तुत्साने नुकतंच आल्फियोला सगळं सांगून टाकलंय, त्याने सूड घ्यायची शपथ घेतलीय, दोघं निघून जातात आणि चौक रिकामा. आत मास (चर्चमधली उपासना) चालू आहे. पडदा पाडायचा नाही. सुरुवातीला चर्चमधलीच सुरावट परत येते, मग एफ मेजरमध्ये सगळी व्हायोलिनं एकत्र, खाली हार्प आणि ऑर्गन. फार संथ केला की तो शोकगीत होतो, घाई केली की वॉल्ट्झ. आणि या रिकाम्या चौकात नर्तक किंवा फुलं वाहणारी मुलं आणणाऱ्या दिग्दर्शकांना काय म्हणावं? रिकामेपण हाच तर त्या प्रवेशाचा आशय आहे.

मासनंतर तुरिद्दू सगळ्यांना दारू पाजतो. आल्फियो प्याला नाकारतो, तुमची दारू माझ्या छातीत विष होईल म्हणतो. मग तुरिद्दू आल्फियोच्या उजव्या कानाचा चावा घेतो. हे मरेपर्यंतच्या द्वंद्वाचं आव्हान आहे, आणि आल्फियो ते स्वीकारतो. हा चावा नीट दिसला नाही तर प्रेक्षकांना ती नुसती गळाभेट वाटते आणि पुढचं काही कळत नाही. आईचा निरोप घेताना तुरिद्दू दारू चढल्याचं ढोंग करतो. टेनरने इथे रडं आणलं तर ढोंग संपतं आणि आईला लगेच कळेल असं होतं.

1940 मध्ये मास्कान्यीने स्वतः, 76 व्या वर्षी, मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाच्या मंडळींबरोबर या ऑपेराचं ध्वनिमुद्रण केलं. तुरिद्दू जील्यी, सान्तुत्सा लीना ब्रूना राझा, आणि मामा लुचियाच्या छोट्या भूमिकेत तरुण सिमिओनातो. लय काही ठिकाणी इतकी मंद की गायकांचा दम पणाला लागतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने यापासून सुरुवात करू नये. ऑपेरा माहीत झाल्यावर ते ऐकावं.

वेर्गाच्या कथेत द्वंद्व डोळ्यांसमोर घडतं: निवडुंगाच्या बागेत आल्फियो मूठभर माती तुरिद्दूच्या डोळ्यांत फेकतो आणि तीन वार करतो. ऑपेरात यातलं काहीच नाही. दूरवर कुजबुज वाढते, आणि एका बाईची किंकाळी: ‘आन्नो आम्मात्सातो कोम्पारे तुरिद्दू!’ तुरिद्दूला मारलं. या ओळीला स्वर दिलेले नाहीत. शिकलेला गळा सवयीने ती गातो, म्हणून कोरसमधली अशी एखादी बाई शोधावी लागते जिला साधं ओरडता येतं. तिला रंगमंचापासून लांब, विंगेच्या अगदी मागे उभं करायचं.