जॉर्जियाच्या स्टेट रोडचा हिशोब लावताना – माझा अनुभव

गेली दोन वर्षं माझे जवळजवळ सगळे शनिवार एका रेल्वेच्या कागदांत गेले. मी अटलांटाजवळ राहते, नोकरी सांभाळून संध्याकाळच्या क्लासेसनी इतिहासात एमए केलं, आणि थीसिसला घेतला वेस्टर्न अँड अटलांटिक रेलरोड. अटलांटा ते चॅटनूगा, १३८ मैल. आजूबाजूच्या बहुतेक लाइनी कंपन्यांच्या, ही मात्र थेट जॉर्जिया राज्याच्या मालकीची, १८३६ च्या कायद्याने काढलेली, म्हणून लोक तिला स्टेट रोडच म्हणायचे. अटलांटा शहरच मुळात या लाइनचं टोक म्हणून वसलं, सुरुवातीचं नावसुद्धा टर्मिनस. मी भुसावळची, बाबा रेल्वेच्या अकाउंट्समधून रिटायर झालेत, त्यामुळे विषय ठरवायला वेळ लागला नाही.

वेळ लागला तो प्रश्न शोधायला. गाईडनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं की रेल्वेचा इतिहास हा काही विषय होत नाही, तुला नक्की काय विचारायचंय ते घेऊन ये. तीन महिने ते सुचेना. शेवटी गाडी पकडली आणि मॉरोला राज्याच्या अर्काइव्हमध्ये जाऊन बसले, म्हटलं कागदच सांगतील.

रीडर कार्ड काढायचं, बॅग लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल, मूळ कागद असतील तर एका वेळी एकच फोल्डर. पहिल्या दोन शनिवारांत माझी जेमतेम अकरा पानं झाली. अक्षर तिरकं, शाई उडालेली, आणि पत्रात महिन्याचं नावच नाही, नुसतं 'इन्स्टंट' नाहीतर 'अल्टिमो', म्हणजे चालू महिना आणि मागचा महिना, हे कळेपर्यंत एक अख्खा दिवस गेला. तिथल्या एका बाईंनी सांगितलं की आधी सुपरिंटेंडेंटचे छापील वार्षिक अहवाल वाच, माणसांची आणि स्टेशनांची नावं डोळ्यांखालून गेली की हाताने लिहिलेलं आपोआप लागायला लागतं. अगदी तसंच झालं.

मग मी एक्सेलमध्ये उत्पन्नाचे आकडे भरत गेले. १८६१, १८६२, १८६३, आकडा चढतच चाललेला, मी खूश, अमेरिकेच्या यादवी युद्धात रेल्वेने किती कमावलं असा एक चॅप्टर मनात लिहूनही झाला. रविवारी बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, नोट कुठली आहे ते आधी बघ." ते सगळे कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे, कागदी डॉलर होते. १८६४ च्या सुरुवातीला सोन्याच्या एका डॉलरला असले वीसेक मोजावे लागत. शिवाय अहवालाचं वर्ष ३० सप्टेंबरला संपणारं, आणि मी ते जानेवारी ते डिसेंबर धरलेलं. अख्खी शीट पुसून पुन्हा केली, आणि चॅप्टर गेला तो गेलाच.

पण त्यातूनच प्रश्न सापडला. सत्ता बदलली की नवा माणूस या रेल्वेचं आधी काय करतो?

युद्धाच्या काळात गव्हर्नर होते जोसेफ ब्राउन, १८५७ ते १८६५. राज्याची रेल्वे म्हणजे त्यांच्या हातातलं सगळ्यात मोठं साधन, आणि ते सोडायला ते तयार नव्हते, अगदी स्वतःच्या बाजूच्या कॉन्फेडरेट सरकारलाही. लष्कर इंजिनं आणि वॅगन घेऊन जायचं, परत यायची खात्री नाही, आणि ब्राउनना तर व्हर्जिनियातल्या सॉल्टव्हिलहून मीठ आणायला गाड्या हव्या होत्या, कारण मीठ नाही तर मांस टिकणार नाही आणि लोकांचा हिवाळा निघणार नाही. त्यात १८६१ च्या नोव्हेंबरात चिकामॉगा ओढ्यावरचे दोन पूल युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, समर्थकांनी जाळले, १२ एप्रिल १८६२ ला बिग शँटीला लोक नाश्त्याला उतरलेले असताना युनियनचा हेर अँड्र्यूज याच्या टोळीने 'जनरल' नावाचं इंजिन पळवलं. ती पाठलागाची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ असते, म्हणून मी ती थीसिसमध्ये एका पानात उरकली.

१८६४ मध्ये युनियनचा सेनापती शर्मन याच रुळांवर विसंबून अटलांटावर आला. त्याच्या लोकांनी चॅटाहूची नदीवरचा ७८० फूट लांब आणि ९२ फूट उंच पूल साडेचार दिवसांत पुन्हा उभा केला. आणि त्याच सैन्याने नोव्हेंबरात निघताना रूळ उखडून, तापवून, झाडांभोवती वाकवले. (याच वर्षांत इथला कापूस अडकला म्हणून तिकडे मुंबईत भाव आभाळाला भिडले आणि १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळला. खानदेशातून जीआयपीची लाइन जात होती तो काळ हाच, हे लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ पेन्सिल खाली ठेवून बसले होते.)

सप्टेंबर १८६५ ला अमेरिकन लष्कराने लाइन राज्याला परत दिली. इथून पुढचे कागद वाचणं मला जास्त जड गेलं. १८६८ ला रिपब्लिकन गव्हर्नर रुफस बुलक आले, १८७० च्या जानेवारीत त्यांनी फॉस्टर ब्लॉजेट यांना सुपरिंटेंडेंट नेमलं, आणि तिजोरीत येणारा पैसा आटत गेला. नंतरच्या चौकशीत एका कर्मचाऱ्याला विचारलं की वर्षाला दोन-तीन हजार पगारात वीस-तीस हजार शिल्लक कशी पडली, तर त्याने कडक काटकसर हे कारण दिलं. त्या पानावर मला खरोखर राग आला. पण हे सगळं रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळातल्या, सरकारच्या माथी मारून मोकळं व्हायची जी जुनी सवय आहे तीही मला पटली नाही, कारण पुढे काय झालं ते बघा. ऑक्टोबर १८७० ला विधिमंडळाने रेल्वे भाड्याने द्यायचा कायदा केला, किमान २५,००० डॉलर महिना, २० वर्षं. जास्त रकमेची बोली आली होती, ती तारण पुरेसं नाही म्हणून बाजूला पडली, आणि २७ डिसेंबरला रेल्वे बरोबर २५,००० ला गेली एका कंपनीकडे, जिचे प्रेसिडेंट जोसेफ ब्राउन. तेच ब्राउन! मधल्या काळात ते रिपब्लिकन झाले, बुलकनी त्यांना राज्याचं मुख्य न्यायाधीशपद दिलं, आणि ते सोडून ते इथे आले. भागीदारांत दोन्ही पक्षांचे लोक. कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष राहिलेले अलेक्झांडर स्टीफन्सही होते, टीका झाल्यावर त्यांनी आपला हिस्सा राज्याला देऊन टाकला.

आणि काम कोणी केलं? दक्षिणेत युद्धापर्यंत रेल्वेवाले गुलाम माणसं मालकांकडून वर्षाच्या कराराने भाड्याने घ्यायचे, पैसे मालकाला. युद्धानंतर राज्य कैदी भाड्याने द्यायला लागलं, त्यात बहुसंख्य काळे, आणि ब्राउनच्या डेड काउंटीतल्या कोळशाच्या खाणी याच कैद्यांवर चालल्या. हा भाग आधी तळटिपेत होता. गाईड म्हणाल्या पानं वाढतील, मी म्हटलं वाढू दे, पण तो वर आला पाहिजे. आला.

थीसिस मे महिन्यात मंजूर झाला, एक चॅप्टर दुरुस्त करून. लाइन आजही जॉर्जिया राज्याच्याच मालकीची आहे, सीएसएक्स ही रेल्वे कंपनी ती भाड्याने चालवते, केनेसॉच्या फाटकात मालगाडी लागली की मी इंजिन बंद करून डबे मोजते. बाबांनी १८७० च्या पानांचे फोटो मागवून घेतलेत, भिंग घेऊन बसतात, आणि परवा विचारत होते की जळाऊ लाकडाच्या बिलांची पुढची पानं कुठायत. मी घेतलीच नव्हती. या शनिवारी परत मॉरोला जायचंय.