साइजोची दाइगिंजो

हिरोशिमाहून सान्यो मार्गावरची लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत साइजो येतं, साकेचं म्हणजे तांदळापासून बनणाऱ्या जपानी मद्याचं गाव. स्टेशनाबाहेर पडून जरा चाललं की लाल विटांची उंच धुराडी दिसू लागतात. प्रत्येकावर त्या त्या साके-कारखान्याचं नाव रंगवलेलं. गल्लीत पांढऱ्या भिंतींचे जुने वाडे, आणि दारावर टांगलेला देवदाराच्या पानांचा गोल गोळा, सुगिदामा. नवी साके तयार झाली की हिरवागार गोळा लावतात. तो वाळून तपकिरी होतो, तोवर आतली साकेही मुरलेली असते.

एका कारखान्यात काचेच्या बरण्यांमध्ये तांदूळ मांडून ठेवले होते. पहिल्या बरणीत साधे लांबट दाणे, शेवटच्या बरणीत साबुदाण्यासारखे गोल, पांढरेफेक. दाइगिंजो या उंची साकेसाठी दाण्याचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग घासून काढावा लागतो. बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात, त्यांनी चव जड होते आणि सुगंध दबतो. म्हणून ‘यामादा निशिकी’सारखा मोठ्या दाण्याचा, मधोमध पिठूळ गाभा असलेला तांदूळ लागतो. इतका घासूनही तो तग धरतो.

या भागातलं पाणी मृदू, म्हणजे खनिजं कमी असलेलं. कोबेजवळच्या नाडाचं पाणी खनिजांनी समृद्ध, तिथे यीस्ट जोरात काम करतं. इथे ते रेंगाळायचं आणि साके बिघडायची. जवळच्याच आकित्सुचे साके बनवणारे मिउरा सेंझाबुरो यांनी यावर तोड काढली: तांदळातल्या पिष्टाची साखर करणारी कोजीची बुरशी तांदळात नीट खोलवर मुरू द्यायची आणि मग थंडीत सावकाश आंबवायचं. 1898 मध्ये त्यांनी ही पद्धत छापून सगळ्यांसाठी खुली केली. मला या गावात सर्वांत भावलं ते हेच. व्यवसायाचं गुपित माणसाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊन टाकलं, आणि आजच्या गिंजोचा, म्हणजे घासलेल्या तांदळाच्या सुगंधी साकेचा, पाया त्यातून घातला गेला.

काउंटरवरच्या बाईंनी पांढऱ्या कपात थंडगार दाइगिंजो ओतली. कपाच्या तळाशी निळी वर्तुळं असतात, त्यावरून साकेचा रंग आणि नितळपणा पारखतात. नाकाशी नेताच पिकलेलं खरबूज, मागोमाग सफरचंद. यात फळाचा अंशही नाही, हा सगळा दहा अंशांच्या आसपास महिनाभर आंबण्याचा प्रताप! घोट मऊ, किंचित गोड, आणि गिळल्यावर जीभ स्वच्छ. पंधरा-सोळा टक्के मद्यार्क असूनही घशाला चटका नाही. सोनेरी वर्ख घातलेलीही इथे मिळते. दिसते देखणी, पण वर्खाने चवीत काही भर पडत नाही.

भाजलेल्या माशाबरोबर मात्र मी कोमट जुनमाईच, म्हणजे वरून मद्यार्क न घातलेली साकेच, मागेन. दाइगिंजो जेवणाआधी, नुसती प्यावी. फार थंड केली तर वास मिटतो, म्हणून फ्रिजमधून काढून थोडा वेळ थांबावं. बाटली आणलीत तर उन्हापासून जपा आणि उघडल्यावर आठवडाभरात संपवा, कारण सगळ्यात आधी सुगंधच उडतो.