तीन सेकंदांचा आवाज

गेले चार महिने मी एका आवाजाच्या मागे होतो. सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून यायचा, पत्र्याच्या डब्यात मूठभर सुपाऱ्या घालून खळखळवाव्यात तसा. दोन सेकंद, फार तर तीन. मग गप्प. नंतर दिवसभर कितीदाही गाडी बंद-चालू करा, ब्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुपाऱ्या.

गाडी साडेतीन वर्षांची, ४३,००० मैल झालेली. म्हणजे अख्ख्या गाडीची ३ वर्षं किंवा ३६,००० मैलांची वॉरंटी संपलेली, पण इंजिन आणि गिअरबॉक्सची ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची अजून चालू. आवाज इंजिनाचा, इंजिन वॉरंटीत, मग काळजी कसली? अमेरिका आहे, इथे सगळं कागदावर चालतं, असं मीच बायकोला सांगितलं. ते खरंही निघालं. फक्त मला वाटलं होतं त्या अर्थाने नाही.

पहिली खेप ऑक्टोबरातली. रूट २२ वरच्या डीलरकडे गेलो. शटर आपोआप वर गेलं, गाडी आत घेतली, टॅबलेट घेतलेला एक हसतमुख तरुण पुढे आला. हा सर्व्हिस ॲडव्हायझर. तो मेकॅनिक नाही, गाडीखाली कधी शिरलेला नाही. आपण त्याला सांगायचं, त्याने टाइप करायचं आणि ते टाइप केलेलं आतल्या मेकॅनिकने वाचायचं. मधल्या दारावर पाटी: विम्याच्या नियमांमुळे ग्राहकांना आत प्रवेश नाही. मी सुपाऱ्यांचं वर्णन इंग्रजीत जमेल तसं केलं, सकाळी, पहिल्यांदा, थंड असताना, असं तीनदा बजावलं. त्याने टाइप केलं: ग्राहक म्हणतो, आवाज येतो. वर एक सही घेतली. दोष वॉरंटीत बसला तर तपासणी फुकट, नाही तर १८९ डॉलर.

मी मेट्रोपार्कहून ट्रेन पकडून ऑफिसला गेलो. दुपारी फोन आला, गाडी तयार आहे. कागदावर तीन शब्द होते: कुड नॉट डुप्लिकेट. दुपारी दोन वाजता, मी स्वतः १२ मैल चालवत आणलेली गाडी त्यांनी सुरू करून पाहिली होती. दवाखान्यात पाऊल टाकलं की पोराचा ताप उतरतो, त्यातलीच गत. १८९ डॉलर मात्र ‘या वेळेपुरते’ माफ केले, आणि ते इतक्या मोठ्या मनाने सांगितलं की मी थँक यू म्हणालो.

त्याच कागदामागे हिरव्या, पिवळ्या, लाल चौकटींचा तक्ता जोडलेला होता. इंजिनाचा आवाज ज्यांना ऐकू आला नाही त्यांना केबिन फिल्टर लाल चौकटीत घालण्याइतका घाण दिसला होता. पुरावा म्हणून काळाकुट्ट फिल्टरचा फोटोही. आता हा फिल्टर मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्वतः बदलला होता. तो फोटो कोणाच्या गाडीतल्या फिल्टरचा होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारल्यावर ॲडव्हायझर म्हणाला, मग तो आयटम आपण डिक्लाइन करू, आणि टिचकी मारून मोकळा झाला.

नोव्हेंबरच्या शेवटी दुसरी खेप. या वेळी फोनवर व्हिडिओ काढून नेला. ॲडव्हायझरने शांतपणे पाहिला, मान डोलावली आणि सांगितलं की ग्राहकाच्या व्हिडिओवर वॉरंटी क्लेम करता येत नाही, आमच्या टेक्निशियनने स्वतः ऐकायला हवं. संध्याकाळी तेच तीन शब्द.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभरात बग म्हणून आलेली किती तिकिटं मी ‘रिप्रोड्यूस होत नाही’ असा शेरा मारून बंद करतो याची मोजदाद नाही. समोरच्याने स्क्रीनशॉट जोडला तरी ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणतो. पण माझ्या तिकिटामागे कोणी सकाळी उणे तापमानात इंजिन फुटेल या भीतीने उभं नसतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे. चला पुढे.

बाबांना पुण्यात फोन केला की पहिला प्रश्न, झाली का गाडी? त्यांच्या स्वतःच्या गाडीचा एसी दोन उन्हाळे सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या करतो आहे. दर वेळी गाडी धुऊन, पुसून, सीटवर प्लास्टिक घालून परत येते आणि एसी पूर्वीसारखाच उसासे टाकतो. बाबा म्हणाले, “मग तुझ्या तिथे आणि आमच्या इथे फरक काय रे?” मला का कोण जाणे, एकदम अमेरिकेचा कैवार घ्यावासा वाटला. म्हटलं, बाबा, इथे कायदा आहे. आमच्या न्यू जर्सीत लेमन लॉ आहे. नवी गाडी पहिल्या २ वर्षांत किंवा २४,००० मैलांत, जे आधी होईल त्यात, एकाच दोषासाठी तीनदा दुरुस्तीला जाऊनही सुधारली नाही, किंवा एकूण २० दिवस गॅरेजात पडून राहिली, तर कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवायचं, शेवटची एक संधी द्यायची, आणि तरीही नाहीच झालं तर गाडी परत घ्यायला लावता येते. आपल्याकडे नव्या गाडीसाठी असा खास कायदा आहे का?

“तुझी गाडी बसते का त्यात?”

नाही बसत. ४३,००० मैल.

“मग काय उपयोग?” म्हणाले. तरी मी सोडलं नाही. म्हटलं, मॅग्नसन-मॉस म्हणून केंद्राचा कायदा आहे, १९७५ चा. सर्व्हिसिंग आमच्याकडेच करा, नाही तर वॉरंटी रद्द, असं कंपनीला म्हणता येत नाही. १९७५! तिकडून दोन सेकंद शांतता. मग बाबा म्हणाले, “बिंदुमाधव जोशींनी आपल्या पुण्यात ग्राहक पंचायत काढली १९७४ ला. एक वर्ष आधी.” आणि विजयी सुरात फोन आईकडे दिला.

तिसरी खेप माझ्या मते बिनतोड होती. डिसेंबरात गाडी संध्याकाळीच नेऊन ठेवली. रात्रभर तुमच्याकडे राहू दे, सकाळी पहिल्यांदा तुम्हीच सुरू करा. ॲडव्हायझरलाही पटलं. मी उबर करून घरी आलो, रात्री पारा किती उतरतोय ते भाविकपणे तीनदा पाहिलं. सकाळी दहाला फोन: आवाज नाही.

आता मात्र माझं डोकं फिरलं. जाऊन विचारलं तेव्हा हळूहळू उलगडा झाला. रात्री बर्फाचा अंदाज होता, म्हणून गाड्या हलवणाऱ्या पोराने, आपल्या परीने भलेपणाच करत, माझी गाडी आत घेतली होती. हीटर लावलेल्या गॅरेजात. रात्रभर गाडी माझ्यापेक्षा उबेत झोपली होती.

कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, डीलर हा स्वतंत्र धंदा आहे, आम्ही त्याला सांगू शकत नाही. डीलर म्हणत होता, कंपनीने मंजुरी दिल्याशिवाय आम्ही इंजिन उघडू शकत नाही. दोघंही खरं बोलत होते, हीच गंमत. इथे बनवणारा वेगळा आणि विकणारा वेगळा हे बहुतेक राज्यांत कायद्यानेच ठरलेलं आहे. टेस्लाने दुकान थाटून थेट विक्री सुरू केली तेव्हा न्यू जर्सीने २०१४ मध्ये ती अडवली होती, मग २०१५ मध्ये त्यासाठी कायदा बदलावा लागला. एवढा या डीलर मंडळींचा वट. आपण मधे, टेबल टेनिसच्या चेंडूसारखे.

त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीला टेकून नुसताच उभा होतो. इमारतीच्या कडेला एक वयस्कर मेकॅनिक सिगरेट ओढत होता. हाताच्या रेषांत तेल मुरलेलं, अंगात कंपनीचा निळा शर्ट. त्याने मला पाहिलं आणि स्वतःहून विचारलं, ती ग्रे गाडी तुझी का? कोल्ड स्टार्टवाली?

मग तो जे पाच मिनिटं बोलला ते मला चार महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं. इथे मेकॅनिकला घड्याळाच्या तासांवर पैसे मिळत नाहीत. प्रत्येक कामाला पुस्तकात तास नेमून दिलेले असतात. दोन तास लिहिले असतील तर दोनच तासांचे पैसे, मग काम एकात होवो की चारात. वॉरंटीच्या कामाला कंपनी देते ते तास आणखी काटकसरीचे. आणि न येणाऱ्या आवाजाची वाट पाहत बसायला तर शून्य. “कागदावर ‘आवाज येतो’ एवढंच लिहिलं असेल तर मी गाडी सुरू करतो, ऐकतो, बंद करतो. तेवढेच पैसे आहेत त्यात.” मग म्हणाला, पुढच्या वेळी असं लिहून घे. आठ तास बाहेर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला खडखड. गाडी बाहेरच ठेवावी. पहिला स्टार्ट ग्राहकासमोर. “हे लिहिलं असेल तर मला तसंच करावं लागतं.” मी फोनमध्ये त्याच्यासमोर शब्द न् शब्द उतरवून घेतला.

जानेवारीतला गुरुवार. पारा १८ फॅरनहाइट, म्हणजे आपले उणे आठ. सात वाजता मी पोचलो तेव्हा गाडी बाहेरच, काचेवर हिमाचा पापुद्रा. सर्व्हिस साडेसातला उघडते, पण हा माणूस कॉफीचा कप घेऊन आधीच उभा. मला वाटलं, स्टेथोस्कोपसारखं काही काढेल. कर्वे रोडवरचा आमचा गॅरेजवाला लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायचा, डोळे मिटून, तसं तरी काही. याने बॉनेटही उघडलं नाही. एका हातात कॉफी, दुसरा खिशात. मला म्हणाला, लाव.

सुपाऱ्या.

“फेझर,” तो म्हणाला आणि कॉफीचा घोट घेतला. चार खेपा, चार महिने. निदानाला तीन सेकंद.

कॅमशाफ्टच्या टोकाला हा भाग असतो. व्हॉल्व्ह थोडे आधी उघडायचे की उशिरा, ते तो तेलाच्या दाबावर ठरवतो. इंजिन बंद असताना आतली एक छोटी पिन त्याला जागेवर अडकवून ठेवते. ती पिन झिजली की, रात्रभरात तेल खाली उतरलेलं असतं, आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत तो मोकळा आपटत राहतो. दाब आला की बोलती बंद. घरी येऊन शोधलं तर या इंजिनाबद्दल कंपनीने डीलरांना पाठवलेलं सूचनापत्र एनएचटीएसए या सरकारी खात्याच्या साइटवर सापडलं. कोणालाही वाचता येतं. रिकॉल नाही, त्यामुळे कंपनी आपणहून बोलावणार नाही. पण वॉरंटीत असताना तक्रार सिद्ध झाली तर दुरुस्ती फुकट. हे असं उघड्यावर ठेवतात, त्याबद्दल मानलं पाहिजे. ॲडव्हायझरला ते ऑक्टोबरातच वाचता आलं असतं, हा भाग वेगळा.

एवढ्यावर सुटका नव्हतीच. कंपनीने इंजिनाला मंजुरी देण्याआधी ऑइल बदलल्याचे पुरावे मागितले. ऑइल मी स्वतः बदलतो, घरासमोर, जुनी चादर अंथरून. ४० डॉलरच्या कामाला ११० का द्यायचे? मी ॲडव्हायझरला मॅग्नसन-मॉस ऐकवला. तो म्हणाला, सर, आमच्याकडे करा असं कोणीच म्हणत नाही, केलं एवढं दाखवा. उत्तर बरोबर होतं, त्यामुळे जास्तच लागलं. ऑइल आणि फिल्टरच्या पावत्या मी ग्लव्ह बॉक्समध्ये नीट ठेवल्या होत्या. सातपैकी चार पार पांढऱ्या झाल्या होत्या. ती थर्मल कागदाची शाई, दोन उन्हाळ्यांत उडून गेली. बाबा स्कूटरच्या प्रत्येक पावतीची झेरॉक्स काढून फाइलला लावायचे आणि आम्ही भावंडं हसायचो. शेवटी क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट्स काढून दुकानाच्या तारखा लाल पेनने गोल केल्या. त्यावर भागलं. अमेरिकेच्या बाजूने हेही सांगतो की, पुण्यात हे असं स्टेटमेंट कोणी मान्य केलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. बाबांना नाही.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. तोपर्यंत वापरायला त्यांनी दुसरी गाडी दिली होती, तीही माझ्या गाडीपेक्षा नवी. बिलावर एकूण रक्कम शून्य डॉलर. त्या मेकॅनिकला भेटायचं होतं, पण दारावरची पाटी तिथेच होती. ॲडव्हायझरकडे त्याच्यासाठी बायकोने केलेल्या चिवड्याचा डबा दिला. पोचला की नाही माहीत नाही.

निघताना ॲडव्हायझर काउंटरवरून पुढे वाकला. कंपनीकडून सर्व्हेचा ईमेल येईल, म्हणाला. दहापैकी दहा दिले तरच धरतात, नऊ म्हणजे नापास, आणि त्यावर माझा बोनस असतो. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ईमेल आला. मी दहा दिले. बाबांना सात सांगितले.