मैनेचा हिवाळा: जवसाचं तेल, खरारा आणि आयाळ

कोजागिरीनंतर
मंडळी, ज्यांनी मागच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी: मैना आमची कुमैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ) मारवाडी घोडी. मुक्काम शहादा तालुका, तापीपासून जवळ. पाऊस सरला की इकडची हवा कोरडी होते आणि घोड्याच्या अंगावरची झळाळी उतरायला लागते. थंडीचा केस आताच दाट व्हायला लागलाय. हा केस गारठ्यापेक्षा दिवस लहान होण्यामुळे येतो, म्हणून कडाक्याची थंडी पडायच्या आधीच तयारी हवी.

यंदा ठरवलंय की तेल पोटातून द्यायचं, अंगावर कमीत कमी लावायचं. लाकडी घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल आणलं. सुरुवात चंदीत, म्हणजे धान्याच्या खुराकात, रोज एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ मिली. घोड्याला पित्ताशय नसतं. पित्त यकृतातून थोडं थोडं थेट आतड्यात झिरपत राहतं. त्यामुळे एकदम वाटीभर तेल ओतलं तर लीद सैल होणारच. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ६० मिलीपर्यंत नेणार. जवसात ओमेगा-३ भरपूर, म्हणून शेंगदाणा किंवा सूर्यफुलापेक्षा माझा कल त्याच्याकडे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रंगाच्या दुकानात ‘बॉइल्ड’ लिन्सीड तेल मिळतं, ते लाकडाला लावायचं असतं. ते घोड्याच्या तोंडाला लागताही कामा नये. खायचं तेलसुद्धा लहान बाटलीतच घ्या, सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवा. जवसाचं तेल फार लवकर खवट होतं. वास कडवट आला की टाकून द्या.

दिवाळीनंतर
पहिले काही दिवस मैनेने तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या खाण्याच्या पिशवीत) नाक फुरफुरवलं, मग गव्हाच्या कोंड्यात कालवून दिल्यावर निमूट खाल्लं. लीद घट्ट आहे. अंगावर अजून फरक नाही आणि इतक्यात दिसायलाही नको. आलेला केस पोटातल्या तेलाने बदलत नाही, नवा उगवणारा बदलतो. महिना-दीड महिना धीर धरावा लागतो.

तोवर खरी मेहनत खराऱ्याची. आमचे मोतद्दार काका (घोड्याची निगा राखणारे) मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, म्हणजे मागच्या ढुंगणापर्यंत, रबरी खरारा गोल गोल फिरवतात, मग ताठ ब्रशने केसाच्या दिशेने झटकतात, शेवटी तागाचं जुनं फडकं. केसांच्या मुळाशी त्वचेचं स्वतःचं तेल असतं. ते टोकापर्यंत पोचवणं हेच खराऱ्याचं काम. त्यांची एक खूण मला फार आवडते: पुठ्ठ्यावर केसाच्या उलट बोटं ओढायची. बोटांवर राखाडी रेघ उमटली तर मळ शिल्लक आहे. बोटं नुसती किंचित तुळतुळीत झाली तर काम झालं. “साबण लावला का हे तेल गेलं, दादा,” असं ते बजावतात, आणि ते खरंच आहे. थंडीत आंघोळ आम्ही बंदच ठेवलीय.

सारंगखेड्याच्या यात्रेहून
दत्तजयंतीला घोडेबाजाराची ही यात्रा भरली की नजर फक्त घोड्यांच्या अंगावर जाते. उन्हात तेलाने चकाकणारे घोडे पाहून नवशिक्यांना मोह होतो, म्हणून लिहितो. थंडीत घोडा केस उभे करतो आणि त्यांच्यात हवा अडकवून ऊब धरतो. अंगभर तेल चोपडलं की केस चिकटून बसतात आणि ही ऊब जाते. वर यात्रेची धूळ बसते. पाठीवर तर तेल नकोच, खोगीर सरकतं. दाखवायच्या दिवशी ओलसर फडक्यावर दोन थेंब घेऊन नाका-तोंडाभोवती आणि डोळ्यांभोवती अलगद फिरवलं तर हरकत नाही.

आयाळ आणि शेपटी मात्र वेगळी. तिथे खोबरेल मला सगळ्यात पसंत. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून सकाळी बाटली उन्हात ठेवावी. तळहातावर चोळून शेपटीच्या टोकापासून वर वर जात बोटांनी गुंता सोडवायचा, कंगवा शेवटी. मोहरीच्या तेलाने काही घोड्यांची कातडी चुरचुरते. लावायचंच असेल तर आधी छोट्या जागी लावून पाहा. कुठे गोल चट्टा, खवले किंवा केस गळालेली जागा दिसली तर कुठलंही तेल न लावता पशुवैद्याला दाखवा.

संक्रांतीनंतर
आता फरक दिसतोय! मानेखालचा आणि बरगड्यांवरचा केस मऊ झालाय. सकाळच्या तिरप्या उन्हात कुमैत रंगाला तांबूस झाक येते. खराऱ्यातून निघणारा पांढरा कोंडाही बराच कमी झाला.

वजनावर लक्ष आहे. तेलात धान्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते, म्हणून चंदी थोडी कमी केली. थंडीच्या दाट केसांत डोळ्यांना अंदाज येत नाही, बरगड्या हाताने चाचपूनच पाहाव्या लागतात. तेल वाढवलं की ई जीवनसत्त्वाची गरजही वाढते. त्याचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घेतलंय, सोबत हिरवा घास चालू आहे.

होळीच्या सुमारास केस झडायला लागतील, तोवर ६० मिलीच ठेवणार, मग हळूहळू कमी करणार. ज्यांच्याकडे नुकरा (पांढरा घोडा) आहे त्यांनी शेपटीच्या तेलाबद्दल जरूर लिहा. पांढऱ्या केसावर खोबरेलाने धूळ धरून पिवळट डाग पडतात का, हे मला पुढच्या हिवाळ्याआधी कळायला हवंय. घरात नुकरा शिंगरू येणार आहे.