राउटर घेताना खोक्याची मागची बाजू वाचा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात जा नाहीतर ऑनलाइन बघा, दीड-दोन हजारांत राउटर शोधायला लागलं की बहुतेक खोक्यांवर एकच नाव दिसतं: एसी १२०० (एसी ही वायफायची पिढी, १२०० हा वेग). नाव एक, पण आतला माल वेगळा. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ घ्या. दोन्ही एसी १२००च. पण सी५०ची पोर्टं (तार घालायची भोकं) १०० एमबीपीएसची आणि सी६ची गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची. पन्नास सहापेक्षा मोठे म्हणून सी५० उचलला आणि घरी २०० एमबीपीएसचा प्लॅन असला, तर निम्म्याहून जास्त स्पीड पोर्टातच अडतं. टेस्ट कितीही वेळा मारा, आकडा ९४-९५च्या वर सरकत नाही. मग शिव्या खातो नेटवाला, आणि या एका बाबतीत तरी तो निर्दोष असतो.

१२०० हा आकडा म्हणजे वायफायच्या दोन बँडांवरचे (लहरींच्या पट्ट्यांवरचे), म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची बेरीज, वर गोल केलेली. मोबाइल एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे बेरजेला काही अर्थ नाही. ते ८६७ सुद्धा कागदावरचे. राउटरसमोर बसून मोजलं तर चांगल्या फोनवर ४०० ते ५०० हाती लागतात, आणि २.४वर गर्दीच्या वस्तीत ४०-५०वर समाधान मानावं लागतं. अँटेनांचंही तेच. आत दोनच स्ट्रीम (डेटा जायच्या वाटा) असलेल्या राउटरला बाहेरून चार दांडे लावले की तो दणकट दिसतो, एवढंच. चार नळ बसवले म्हणून पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

म्हणून खोकं उलटं करा आणि पोर्टाची ओळ शोधा. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ लिहिलेलं असलं तर ठीक. नुसतं ‘१०/१००’ असलं तर तो १००चा. प्लॅन १००पर्यंतचाच असेल आणि वाढवायचा विचार नसेल, तर १००चा राउटर बिनधास्त घ्या. पैसे वाचतात आणि कमी काही पडत नाही. हजार-बाराशेतला सिंगल बँड एन ३०० (एन ही एसीच्या आधीची पिढी) मात्र घेऊ नका, प्लॅन ३०चा असला तरी. त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ असतं. त्या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. साखर पेठ, बुधवार पेठेसारख्या भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत शेजारपाजारचे सगळे वायफाय त्या तिघांत कोंबलेले असतात. रात्री नऊनंतर व्हिडिओ अडकतो तो बऱ्याचदा यामुळे. दोन ते अडीच हजारांत गिगाबिट पोर्टाचा ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही असलेला) येतो; पैसे ताणायचे तर इथपर्यंत ताणा.

एसीच्या पुढची पिढी वायफाय ६ (खोक्यावर ‘एएक्स’) कधी? घरात पंधरा-वीस उपकरणं असतील, फोन-लॅपटॉप नवे असतील आणि प्लॅन ३००च्या पुढचा असेल तेव्हा. त्यातही स्वस्तातल्या एएक्स १५०० राउटरमध्ये नवं तंत्र बहुधा फक्त ५ गिगाहर्ट्झवर असतं, २.४ची बाजू जुनीच राहते. एएक्स १८००मध्ये दोन्ही बँड नवे असतात.

पण थांबा. मुळात राउटर लागतो का, ते आधी बघा. फायबरवाल्याने भिंतीवर बसवलेला ओएनयूचा डबा (फायबर ज्यात येऊन जोडली जाते तो) पालथा करून लेबल वाचा. त्यावर दोन वायफाय नावं असतील, एकाच्या शेवटी ‘५जी’ असेल, तर तो स्वतःच ड्युअल बँड राउटर आहे. (हे ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही.) अशा वेळी नवा राउटर आणण्यापेक्षा तोच डबा दारामागच्या कोपऱ्यातून काढून घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला बसवून बघा. फायबर जरा लांबवून घ्यावी लागेल, ते काम नेटवाल्याचंच. स्वतः ओढाल किंवा काटकोनात वाकवाल तर ‘लॉस’चा लाल लाइट लागेल आणि नेट बंद.

घर कसलं आहे यावर बाकीचं सगळं ठरतं. दोन-तीन खोल्यांच्या विटेच्या घरात, बीडी घरकुलातल्यासारख्या, मधल्या भिंतीवर एक राउटर पुरून उरतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांत दीड-दोन फुटी दगडामातीच्या भिंती असतात. ५ गिगाहर्ट्झ त्यातली एक भिंत जेमतेम पार करतं, दुसरीपाशी संपतं. जुळे सोलापुरातल्या दुमजली घरात अडथळा स्लॅबचा, त्यातल्या सळईचा. पत्र्याची पार्टिशन, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या मागे रेंज खूप पडते. पाच हजारांचा राउटर आणला तरी यात फार फरक पडत नाही.

अशा घरांत लोक रिपीटर (वायफाय झेलून पुढे पाठवणारा डबा) घेतात. स्वस्तातला सिंगल बँड रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून स्पीड साधारण निम्मं होतं. शिवाय तो लावतात रेंज नसलेल्या खोलीत, जिथे त्यालाच काही ऐकू येत नाही. त्यापेक्षा केबल टाका. १५-२० मीटरची कॅट-६ तार पुरते. घेताना शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार वजनाला हलकी लागते, वाकवली की आत तुटते. केबलमधल्या आठही तारा टोकाच्या पिनेत दाबून बसवून (क्रिंप करून) घ्या. चारच जोडल्या तर लिंक १००वरच राहते, मग गिगाबिटचे पैसे पाण्यात. केबलच्या दुसऱ्या टोकाला घरातला जुना राउटर चालतो. त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदलून १९२.१६८.१.२ असा करा (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर), डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि केबल वॅनमध्ये (बाहेरचं नेट येतं त्या पोर्टात) नाही, लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांच्या) घाला. वायफायचं नाव-पासवर्ड दोन्हीकडे सारखंच ठेवलं की वर-खाली जाताना फोन आपोआप बदलतो. चॅनल मात्र वेगवेगळे द्या.

नवा राउटर जोडताना घोटाळा एका ठराविक ठिकाणी होतो. ओएनयूच्या लॅन १मधून तार राउटरच्या वॅनमध्ये, इथवर सगळ्यांना जमतं. पुढे ‘पीपीपीओई’ (आयडीने लॉगिन करण्याची पद्धत) निवडून युजरनेम-पासवर्ड टाकला तरी नेट लागत नाही. कारण त्याच आयडीने ओएनयू आधीच लॉगिन होऊन बसलेला असतो. नेटवाल्याला ओएनयू ब्रिज मोडवर (स्वतः लॉगिन न करता नेट नुसतं पुढे द्यायचं) टाकायला सांगा आणि जुनं सेशन सुटायला पाच-दहा मिनिटं द्या. तरीही नकारघंटा वाजली तर कनेक्शन जुन्या डब्याच्या मॅक ॲड्रेसला (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) बांधलेलं असणार. ते त्याच्याकडूनच सोडवून घ्यायचं किंवा राउटरमधल्या ‘मॅक क्लोन’मध्ये जुना ॲड्रेस भरायचा. नेटवाला ब्रिज करून देत नसेल तर वाद घालू नका, राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाका, म्हणजे लॉगिन ओएनयूच करतो आणि राउटर फक्त वायफाय देतो. घरच्या वापराला तेवढं पुरतं.

सेटिंगमध्ये २.४च्या चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा; ४०वर ठेवली की शेजाऱ्यांचा गोंगाटही आत येतो. सुरक्षा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. नुसती डब्ल्यूपीए३ केली तर जुना टीव्ही आणि प्रिंटर जोडणार नाहीत. ॲडमिनचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिन वापरून जोडण्याची सोय) बंद करा.

आता उन्हाळा. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुतेक ० ते ४० अंश दिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात बाहेरच ४२-४३पर्यंत जातं, पत्र्याखाली त्याहून जास्त. दुपारी नेट तुटतं आणि संध्याकाळी आपोआप सुरळीत होतं, असं दिसलं तर आधी राउटरला हात लावून बघा. टीव्हीच्या बंद कपाटातून बाहेर काढा, पत्र्यापासून खाली आणा, ओएनयूवर चढवून ठेवू नका. जाळीत धूळ बसते, तीही महिन्याकाठी झाडा. यंत्रमागाशेजारच्या घरात कापसाची धूळ जास्त, तिथे आठवड्याला.

लाइट गेल्यावरही नेट हवं असेल तर मिनी यूपीएस (राउटरपुरती छोटी बॅटरी) मिळतो. २००० एमएएचचे चार सेल असलेला म्हणजे साधारण ३० वॉट-तास. ओएनयू आणि राउटर मिळून १०-१२ वॉट खातात, त्यामुळे गळती धरून दोन तास मिळतात. जाहिरातीतल्या चार तासांवर जाऊ नका. दोन वेगळी आउटपुट असलेला बघून घ्या, कारण ओएनयू बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि छोटे राउटर ९ व्होल्टचे. पिन मात्र बहुधा दोघांची सारखीच. १२चा ॲडॅप्टर ९च्या राउटरला लावला तर राउटर जळू शकतो. ९चा ॲडॅप्टर १२च्या ओएनयूला लावला तर लाइट लागतात पण डबा दर थोड्या वेळाने रीस्टार्ट होत राहतो, आणि दोष फायबरवर जातो. नवा ॲडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. खोकं उघडलं त्याच दिवशी दोन्ही ॲडॅप्टरवर मार्करने ‘राउटर ९’, ‘ओएनयू १२’ असं लिहून टाका.