टाकीची सावली

गच्चीवर सोलर बसवून आम्हाला वर्ष झालं. आमच्या गल्लीत आमचंच पहिलं, त्यामुळे ब्लाउज शिवायला येणारी प्रत्येक बाई वर बघते आणि विचारते, "किती खर्च आला गं? बिल खरंच येत नाही का?" उभ्या उभ्या सांगितलेलं अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आमचं बार्शीतलं घर साधंच आहे, तीन खोल्या आणि वर स्लॅब. शिलाईची दोन मशीन मोटरवर चालतात, शिवाय दिवसभर इस्त्री. महिन्याला सरासरी १८५ युनिट आणि बिल दोन हजारांच्या आसपास. १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर एकदम चढतो, आमचं दुखणं तिथंच होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली आणि आमचं बोलणं सुरू झालं. १ किलोवॅटला ३० हजार सबसिडी, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार. त्यापुढे कितीही बसवा, ७८ हजारच. बसवणारा माणूस ३ किलोवॅटच्या खाली उतरायला तयार नव्हता, "सबसिडी पूर्ण घ्या ना ताई" म्हणायचा. मी वर्षाची बारा बिलं काढून युनिटांची बेरीज केली. आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, म्हणजे महिन्याला १२०. दोन किलोवॅटला २४०. मला तेवढं पुष्कळ होतं. तिसऱ्या किलोवॅटची सबसिडी फक्त १८ हजार, बाकीचे पैसे माझे जाणार. तुम्हीही आधी बिलं काढा, मग माणूस बोलवा.

तो गच्ची बघायला आला मे महिन्याच्या मध्यावर, भर दुपारी. आग्नेय कोपऱ्यात जिन्याची खोली आहे, तिच्यावर पाण्याची टाकी. त्यानं टेप लावली आणि टाकीच्या वायव्येला जागा ठरवली. "सावली नाहीच," म्हणाला. तेव्हा ती नव्हतीच. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस ते.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथंच कुरडया वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "इथं नको. मार्गशीर्षात सकाळी टाकीची सावली पार तुळशीच्या कुंडीपातूर जाती. मला ऊन खायला तिकडं सरकावं लागतं." त्यानं ऐकल्यासारखं केलं नाही. मी मात्र थांबले. तीस वर्षं आत्या या गच्चीवर वाळवण घालतायत, धान्याला ऊन देतायत, थंडीत पाय शेकत बसतायत. कोणत्या महिन्यात किती वाजता ऊन कुठं असतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली की साधारणपणे सगळ्या माळेची वीज घटते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, सावल्या लांबतात, आणि आमची सकाळची वीज रोज गेली असती.

मग जागा बदलली. चारही पॅनेल नैर्ऋत्य कोपऱ्यात गेली, टाकीच्या सावलीच्या बाहेर. आत्यांची दुसरी अट, वाळवणाची जागा मोडायची नाही. म्हणून लोखंडी सांगाडा सात फूट उंच घेतला, खालून ताठ उभं राहून चालता येतं. त्याचे नऊ हजार जास्त गेले. वळवाचं वारं आमच्याकडे वाईट असतं, म्हणून पायाला काँक्रीटचे जड ठोकळे घातले.

सगळे मिळून १ लाख ३८ हजार झाले. सबसिडीचे ६० हजार खात्यावर आले, पण सगळं बसून नेट मीटर, म्हणजे तारेत दिलेली आणि तारेतून घेतलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, लागल्यानंतर. आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते आणि साध्या घराची खरी अडचण हीच आहे. या योजनेत बँका तारणाशिवाय कर्ज देतात. आम्ही आरडी मोडली आणि उरलेले बचत गटातून घेतले. आता बिल दीडशे-पावणेदोनशे येतं, स्थिर आकार भरावाच लागतो. साडेतीन वर्षांत पैसे फिटतील असा माझा हिशेब आहे.

एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. लाईट गेली की सोलरही बंद पडतं, बाहेर कितीही ऊन असो. पहिल्यांदा दुपारी असं झालं तेव्हा लग्नाचे ब्लाउज मशीनवर होते आणि मला रडू यायचं बाकी होतं. पण कारण ऐकलं आणि तक्रार संपली. तारेवर वायरमन काम करत असताना आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. बॅटरी घेतली तर घर चालतं, पण खर्च फार वाढतो.

धुण्याचंही सांगते. बोअरच्या पाण्यानं काचेवर पांढरे डाग बसतात, म्हणून मी नळाचं पाणी वापरते. सकाळी ऊन चढायच्या आत, मऊ कापडानं. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही.

मला वाटलं होतं मे महिन्यात सर्वांत जास्त वीज होईल. तसं नाही, पॅनेल फार तापलं की वीज कमी देतं. आमचे सर्वांत चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चचे, नऊ-साडेनऊ युनिटचे. जुलैत एका दिवशी तीनवरच थांबलं.

डिसेंबरात एका सकाळी मुद्दाम वर गेले. टाकीची सावली तुळशीच्या कुंडीपर्यंत पोचली होती. चारही पॅनेल उन्हात होती.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी आत्यांनाच घेऊन गेल्या, त्यांची गच्ची दाखवायला. आत्यांनी वर पोचल्यावर आधी विचारलं, "थंडीत तुमी ऊन खायला कुठं बसता?"