कोरडा ब्रश

"घासले की मगाशीच!" आत्या म्हणाली, आणि मी बेसिनवरचा तिचा ब्रश उचलून बघितला तर कोरडाठाक.

त्याआधी पोह्यांवरची शेव तिनं एकेक वेचून बशीच्या कडेला ठेवली होती, आता इंदूरची बाई शेव बाजूला काढते म्हणजे काहीतरी बिघडलंयच, म्हणून तशीच डेंटिस्टकडे नेली. हिरड्या सुजलेल्या, हात लावला की रक्त, दोन दात हलतायत. डॉक्टरबाईंनी हात धुता धुता सहज विचारलं, "यांना हल्ली विसरायला होतं का?"

तेच डोक्यात अडकलंय. दुपारभर वाचत बसलो. २०१९ च्या एका संशोधनात अल्झायमरच्या पेशंटच्या मेंदूत हिरड्यांच्या आजारातला जंतू सापडला होता, पोर्फिरोमोनास जिंजिवॅलिस (नाव बघा!), शिवाय त्याची एन्झाइम्सही. मग ती एन्झाइम्स अडवणाऱ्या औषधाची ट्रायल झाली, २०२१ मध्ये निकाल आला, आणि एकूणात काही विसरणं थांबलं नाही. म्हणजे हिरड्यांमुळे डोक्यावर परिणाम होतो, की डोकं साथ देईना म्हणून ब्रश राहतो आणि हिरड्या जातात, हे अजून नक्की ठरलेलं नाहीच, थोडं थोडं दोन्ही असेल.

आमच्याकडे आधी काय झालं, कुणी बघितलंय? ती रोज "घासले" म्हणायची आणि आम्ही बरं म्हणायचो.

रात्री मीच पेस्ट लावून तिच्या शेजारी उभा राहिलो. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि तू रे? तू घासलेस?"

नव्हते घासले.